रुग्णालयीन माहिती प्रणालीसाठी डेटाबेस व यंत्रसामग्रीची निवड : प्रचलित निकषांची एक समीक्षा

सारांश

रुग्णालयाचे संगणकीकरण करताना डेटाबेस सॉफ्टवेअर आणि सर्व्हर यांची निवड बहुधा कंपनीचे नाव, यंत्राचा वेग व न्यूनतम दर या तीन निकषांवर केली जाते. प्रस्तुत लेखात या निकषांची तपासणी केली आहे. बिघाडानंतर नोंदी परत मिळविता येणे आणि करार संपल्यानंतरही त्या वापरण्याजोग्या स्वरूपात रुग्णालयाच्या हाती राहणे, या दोन कसोट्या इतर सर्व निकषांच्या आधी लावल्या पाहिजेत, असे प्रतिपादन येथे केले आहे. विवेचनासाठी महाराष्ट्रातील शासकीय रुग्णालयांचा अनुभव आणि मराठवाड्यातील रुग्णालयांची परिस्थिती आधाराला घेतली आहे.

बीजसंज्ञा : रुग्णालयीन माहिती प्रणाली, डेटाबेस, सर्व्हर, परवाना, राखीव प्रत, युनिकोड, निविदा.

१. प्रस्तावना

छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली स्थापन झाले. त्याचे रुग्णालय 'घाटी' या नावाने संपूर्ण मराठवाड्याला परिचित आहे. अकराशेहून अधिक खाटांच्या या रुग्णालयात मराठवाड्याच्या सर्व जिल्ह्यांतून, तसेच शेजारच्या बुलढाणा, जळगाव व अहिल्यानगर जिल्ह्यांतून रुग्ण येतात. अशा ठिकाणी केस पेपर ही केवळ कार्यालयीन सोय राहत नाही. दूरच्या गावाहून आलेल्या रुग्णाचा पूर्वीचा उपचार, त्याला चालणारे व न चालणारे औषध, त्याच्या तपासण्या हे सर्व त्या नोंदीवर अवलंबून असते. नोंद सापडली नाही, तर तपासणी पुन्हा करावी लागते आणि रुग्णाची मजुरी व एस.टी.चे भाडे पुन्हा खर्ची पडते.

राज्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत २००० च्या दशकाच्या अखेरीपासून खाजगी कंपनीमार्फत माहिती प्रणाली उभारण्यात आली होती. ती जुलै २०२२ मध्ये बंद पडली. त्यामागे देयके व करार यांसंबंधीचा वाद होता. रुग्णालयांना काही काळ पुन्हा हाताने केस पेपर लिहावे लागले आणि त्यानंतर राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ई-हॉस्पिटल प्रणालीकडे वळण्यात आले. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ही प्रणाली डेटाबेस मंद होता किंवा सर्व्हर अपुरा होता म्हणून थांबली नाही. ज्या निकषांवर आपण सॉफ्टवेअर व यंत्रे निवडतो, त्या निकषांच्या यादीतच नसलेल्या कारणाने ती थांबली. म्हणूनच त्या निकषांची समीक्षा करणे आवश्यक ठरते.

२. प्रचलित निकष आणि त्यांची पार्श्वभूमी

लहान व मध्यम रुग्णालयांचे संगणकीकरण आपल्याकडे १९९० च्या दशकात प्रामुख्याने फॉक्सप्रो आणि त्यानंतर व्हिज्युअल बेसिक व ॲक्सेस यांच्या साहाय्याने झाले. स्थानिक प्रोग्रामरने लिहिलेली बिलिंगची प्रणाली, एक मुख्य संगणक आणि तीन-चार जोडलेले संगणक, असे त्याचे स्वरूप असे. ती स्वस्त होती आणि दुरुस्तीसाठी माणूस गावातच उपलब्ध असे, हे तिचे खरे सामर्थ्य होते. मात्र एकाच वेळी अनेकांनी नोंदी केल्यास किंवा मध्येच वीज गेल्यास अनुक्रमणिकेची फाईल बिघडत असे. औषध भांडारातील साठा कमी झाला, पण रुग्णाच्या बिलात रक्कम चढली नाही, अशा अर्धवट व्यवहारांना आळा घालण्याची खात्रीशीर सोय तेथे नव्हती. ॲक्सेसच्या एका फाईलला दोन गीगाबाईटची मर्यादा होती. व्हिज्युअल फॉक्सप्रोला निर्मात्या कंपनीकडून मिळणारा विस्तारित आधारही जानेवारी २०१५ मध्ये संपला.

या अनुभवातून संस्थाचालकांनी एक धडा घेतला, तो असा की मोठ्या कंपनीचा डेटाबेस व मोठा सर्व्हर घेतल्यास प्रश्न सुटतो. हा धडा अर्धाच खरा आहे. ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधात्मक प्रतिमानावर आधारलेले ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर, पोस्टग्रेएसक्यूएल, मायएसक्यूएल यांसारखे डेटाबेस व्यवहार पूर्ण करतात किंवा पूर्णपणे मागे घेतात. (मायएसक्यूएलमध्ये त्यासाठी योग्य साठवण पद्धत निवडलेली असावी लागते.) रुग्णालयाला हा गुण हवाच. तथापि तो या चौघांतही मिळत असल्याने, त्यांपैकी कोणता घ्यावा याचे उत्तर त्या गुणावरून मिळत नाही. तरीही निविदेच्या तांत्रिक भागात उत्पादनाचे नाव, प्रोसेसरची संख्या आणि मेमरी यांचेच वर्णन विस्ताराने केलेले आढळते. राखीव प्रत व पुनर्स्थापना यांची बोळवण मात्र बहुधा एखाद्या ओळीत केली जाते.

३. भार किती? एक अंदाजी हिशेब

वेगाचा निकष तपासण्यासाठी एक काल्पनिक, परंतु मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाला शोभेल असे उदाहरण घेऊ. बाह्यरुग्ण विभागात सहा तासांत २,००० रुग्ण येतात आणि नोंदणी, तपासणी, प्रयोगशाळा, औषधे व देयके मिळून प्रत्येकाच्या सरासरी २० नोंदी होतात, असे मानू. एकूण नोंदी ४०,००० झाल्या. सहा तासांचे २१,६०० सेकंद होतात, म्हणजे सेकंदाला सरासरी दोन नोंदीही होत नाहीत. सकाळच्या गर्दीत हा भार पाचपट झाला, असे धरले तरी तो सेकंदाला दहाच्या आतच राहतो. आजचा साधा सर्व्हर हा भार सहज पेलतो. नोंदणीच्या खिडकीपुढील रांग यंत्राच्या मंदपणामुळे वाढल्याची तक्रार झाली, तर प्रथम नेटवर्क, चुकीची लिहिलेली शोधाज्ञा किंवा खिडक्यांची संख्या तपासावी. अधिक प्रोसेसर घेणे हा त्यावरचा पहिला उपाय नव्हे.

साठवणुकीचा हिशेब वेगळाच निघतो. एक नोंद अनुक्रमणिकेसह एक किलोबाईट धरली, तर ४०,००० नोंदींना दिवसाला सुमारे ४० मेगाबाईट आणि ३०० दिवसांना सुमारे १२ गीगाबाईट जागा लागते. याउलट सीटी स्कॅनचे एक छायाचित्र ५१२ गुणिले ५१२ बिंदूंचे असते आणि प्रत्येक बिंदूस दोन बाईट लागतात, म्हणजे ते अर्ध्या मेगाबाईटचे होते. एका तपासणीत अशी ४०० छायाचित्रे धरली, तर २०० मेगाबाईट, आणि दिवसाला ५० तपासण्या झाल्यास १० गीगाबाईट होतात. वर्षभराच्या सर्व अक्षरी नोंदी मिळून जेमतेम सव्वा दिवसाच्या सीटी स्कॅनइतकी जागा व्यापतात.

या हिशेबातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की छायाचित्रे व अक्षरी नोंदी यांची साठवण एकत्र मोजू नये. छायाचित्रांसाठी स्वस्त, विस्तारक्षम व स्वतंत्र साठवण असावी आणि मुख्य डेटाबेसमध्ये त्यांचा केवळ निर्देश असावा. दुसरा असा की ज्या अक्षरी नोंदींवर रुग्णाचा उपचार चालतो, त्या आकाराने इतक्या लहान आहेत की त्यांच्या तीन-चार प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवण्यास फारसा खर्च येत नाही. असे असूनही त्या ठेवल्या जात नसतील, तर कारण पैशाच्या अभावापेक्षा अन्यत्र शोधावे लागेल.

४. डेटाबेस सॉफ्टवेअर : परवाना, मर्यादा व सुटका

व्यापारी डेटाबेसच्या मोफत आवृत्त्या लहान रुग्णालयांना आकर्षक वाटतात. एसक्यूएल सर्व्हरच्या एक्स्प्रेस आवृत्तीला २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत प्रत्येक डेटाबेसमागे १० गीगाबाईटची मर्यादा होती आणि ओरॅकलच्या एक्स्प्रेस आवृत्तीला १८सी पासून १२ गीगाबाईटची मर्यादा आली. वरील हिशेबाप्रमाणे मोठ्या रुग्णालयात ही मर्यादा वर्षभरातच गाठली जाते, तर लहान रुग्णालयात ती चार-पाच वर्षांनी गाठली जाते. चार-पाच वर्षांनंतरची मर्यादा अधिक अडचणीची असते. तोपर्यंत प्रणाली त्या डेटाबेसच्या खास आज्ञांमध्ये रुजलेली असते, मूळ प्रोग्रामर निघून गेलेला असतो आणि सशुल्क परवाना घेण्यावाचून गत्यंतर उरत नाही. हा परवाना अनेकदा प्रोसेसरच्या कोअरच्या संख्येवर आकारला जातो. म्हणजे गरज नसताना घेतलेला अधिक कोअरचा सर्व्हर दरवर्षी सॉफ्टवेअरचा खर्चही वाढवीत राहतो. यंत्रसामग्री एका समितीने आणि सॉफ्टवेअर दुसऱ्या समितीने निवडण्याच्या पद्धतीत हा संबंध कोणाच्याच लक्षात येत नाही.

मुक्तस्रोत डेटाबेसचा पर्याय येथे विचारात घेतला पाहिजे, पण भाबडेपणाने नव्हे. पोस्टग्रेएसक्यूएलचे मूळ १९८६ मध्ये बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात सुरू झालेल्या प्रकल्पात आहे आणि आजचे नाव त्याला १९९६ मध्ये मिळाले. त्याला आकाराची अथवा कोअरची परवान्याने घातलेली मर्यादा नाही. मायएसक्यूएलचा इतिहासही उद्बोधक आहे. ते २००८ मध्ये सन कंपनीकडे व २०१० मध्ये ओरॅकलकडे गेले, परंतु परवाना मुक्त असल्याने त्याच्या मूळ निर्मात्याने २००९ मध्येच मारियाडीबी ही स्वतंत्र शाखा सुरू केली. मालकी बदलली तरी वापरकर्त्यांपुढे मार्ग उरला, हा मुक्त परवान्याचा खरा लाभ होय. छत्तीसगडमधील गणियारी येथील जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेच्या रुग्णालयात बहामनी ही मुक्तस्रोत रुग्णालयीन प्रणाली आकाराला आली. ओपनएमआरएस, ओपनईएलआयएस आणि ओडू या तीन मुक्तस्रोत प्रणाली जोडून ती रचली आहे. आदिवासी भागातील मर्यादित साधनांच्या रुग्णालयातही असा मार्ग चालतो, हे त्यावरून दिसते.

तथापि परवाना मोफत असला तरी जाणकार मनुष्यबळ मोफत मिळत नाही. रात्री दोन वाजता डेटाबेस थांबला, तर तो कोण सुरू करणार, या प्रश्नाचे उत्तर नसलेले मुक्तस्रोत सॉफ्टवेअर हे महागड्या सॉफ्टवेअरइतकेच धोक्याचे आहे. म्हणून 'मुक्तस्रोत की व्यापारी' हा वाद मूळ प्रश्नाला बगल देतो. दोन्ही बाबतींत विचारावयाचा प्रश्न एकच आहे : या डेटाबेसमधील सर्व तक्ते, त्यांच्यातील परस्परसंबंध व त्यांचे अर्थ यांसह उद्या दुसऱ्या प्रणालीत नेता येतील काय?

हे स्थलांतर किती कठीण असू शकते, हे अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांच्या उदाहरणावरून कळते. तेथील व्हिस्टा ही प्रणाली मम्प्स या भाषेवर उभी आहे. मम्प्सचा जन्म १९६० च्या दशकात मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये झाला आणि तिची साठवण तक्त्यांऐवजी वृक्षाकार रचनेची आहे. २०१८ मध्ये ही प्रणाली बदलण्यासाठी सर्नर कंपनीशी सुमारे १० अब्ज डॉलर्सचा करार झाला. ऑक्टोबर २०२० मध्ये स्पोकेन येथे पहिली उभारणी झाली, परंतु एप्रिल २०२३ मध्ये पुढील रुग्णालयांतील काम थांबवावे लागले. अफाट साधने असलेल्या संस्थेची ही स्थिती असेल, तर जिल्ह्याच्या ठिकाणच्या धर्मादाय रुग्णालयाने स्थलांतराचा विचार पहिल्याच दिवशी करणे किती अगत्याचे आहे, हे वेगळे सांगावयास नको.

५. नाव, लिपी आणि रुग्णाची ओळख

मराठी प्रदेशातील रुग्णालयासाठी डेटाबेस निवडताना लिपीचा प्रश्न गौण मानला जातो. रोमन लिपीत गायकवाड हे आडनाव निदान तीन प्रकारे लिहिले जाते आणि मोहम्मद या नावाची रूपे त्याहून अधिक आहेत. त्यामुळे एकाच रुग्णाची दोन-तीन वेळा नोंदणी होते व त्याचा उपचाराचा इतिहास विखुरतो. देवनागरीत नोंद केल्याने हा दोष बराच कमी होतो, मात्र डेटाबेसची रचना त्यासाठी योग्य असावी लागते. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाईट घेतो. ओरॅकलमध्ये रकान्याची लांबी मूलतः बाईटमध्ये मोजली जाते, त्यामुळे तीस बाईटच्या रकान्यात दहाच संकेत मावतात. 'ज्ञानेश्वर' या नावात जोडाक्षरांसह नेमके दहा संकेत आहेत. 'ज्ञानेश्वरराव' असे लिहावयाचे झाल्यास जागा उरत नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये रकान्याचा युनिकोड प्रकार न निवडता सामान्य प्रकार ठेवल्यास मराठी नावाच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात. 'कऱ्हाडे' मधील अर्धा र दोन वेगवेगळ्या संकेतक्रमांनी टंकित होऊ शकतो. डोळ्यांना दोन्ही नावे सारखी दिसतात, परंतु शोध घेताना डेटाबेस ती वेगळी मानतो.

लिपीइतकाच सामाजिक व्यवहारही महत्त्वाचा आहे. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या स्त्रीची नोंद कधी माहेरच्या तर कधी सासरच्या आडनावाने होते. वृद्ध रुग्णाचे वय अंदाजाने सांगितले जाते. काही कुटुंबांत आडनाव लावण्याची प्रथा नसते. नाव, आडनाव व जन्मतारीख यांना सक्तीचे रकाने ठरविणारी प्रणाली अशा वेळी कर्मचाऱ्याला खोटी माहिती भरण्यास भाग पाडते आणि १ जानेवारी ही जन्मतारीख असलेल्या रुग्णांची संख्या वाढत जाते. म्हणून रुग्णाची ओळख रुग्णालयाने दिलेल्या अर्थनिरपेक्ष क्रमांकावर आधारलेली असावी, जन्मतारीख 'अंदाजे' आहे असे नोंदविण्याची सोय असावी आणि दोन नोंदी एकाच रुग्णाच्या निघाल्यास त्या जोडता व चूक झाल्यास पुन्हा विलग करता याव्यात. आयुष्मान भारत डिजिटल अभियानातील चौदा अंकी 'आभा' क्रमांक हा ऐच्छिक असल्याने तो पूरक ओळख म्हणूनच वापरणे उचित होय.

६. यंत्रसामग्री : वीज, उष्मा आणि राखीव प्रत

मे महिन्यात मराठवाड्यातील तापमान ४० अंशांपलीकडे जाते. सर्व्हरमध्ये जाणारी हवा १८ ते २७ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावी, असे मानले जाते. नोंदणीच्या खिडकीमागील लाकडी कपाटात ठेवलेला सर्व्हर कितीही नामांकित कंपनीचा असला, तरी अशा उष्म्यात त्याच्या डिस्क लवकर निकामी होण्याची शक्यता वाढते. वीज गेल्यानंतर जनरेटर सुरू होईपर्यंतचा काळ यूपीएसने भरून काढावा लागतो. त्या यूपीएसच्या बॅटऱ्यांची वेळोवेळी चाचणी घेणे हे प्रोसेसरच्या वेगाहून अधिक मोलाचे आहे. डेटाबेसने 'नोंद झाली' असे सांगितल्यावर ती खरोखर डिस्कवर उतरलेली असणे आवश्यक असते. घरगुती वापराच्या एसएसडी डिस्कमध्ये अचानक वीज गेल्यास आतल्या तात्पुरत्या स्मृतीतील माहिती जपण्याची सोय बहुधा नसते. चूक शोधून दुरुस्त करणारी मेमरी आणि वीज-संरक्षित डिस्क यांवर केलेला खर्च म्हणूनच सार्थ ठरतो. सततच्या लेखनासाठी रेड-५ पेक्षा रेड-१० ही रचना सामान्यतः सरस असते. परंतु रेड म्हणजे राखीव प्रत नव्हे, हे विसरता कामा नये. चुकून पुसलेली नोंद रेडमधील सर्व डिस्कवरून एकाच वेळी पुसली जाते.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी झालेला सायबर हल्ला याबाबतीत अभ्यासनीय आहे. संसदेत दिलेल्या माहितीनुसार पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाईट माहिती कुलूपबंद झाली. नेटवर्कचे योग्य विभाजन नसणे हे कारण सांगण्यात आले. सुमारे दोन आठवडे कामकाज हाताने चालवावे लागले. तरीही ई-हॉस्पिटलची माहिती परत मिळाली, कारण एका राखीव सर्व्हरवरील प्रत बाधित झाली नव्हती. देशातील अग्रगण्य संस्थेला ज्या गोष्टीने तारले, ती मुख्य यंत्राचा वेग नव्हती, तर हल्ल्याच्या आवाक्याबाहेर राहिलेली प्रत होती. लहान रुग्णालयासही हे साध्य आहे. अक्षरी नोंदींची दैनंदिन कूटबद्ध प्रत, तिची एक आवृत्ती नेटवर्कपासून तोडलेली आणि एक दुसऱ्या इमारतीत, एवढी व्यवस्था पुरेशी आहे. मात्र प्रत घेतली जाते, हे पुरावा म्हणून पुरत नाही. ती दुसऱ्या यंत्रावर चढवून, एखाद्या रुग्णाचा केस पेपर उघडून पाहिल्यावरच प्रत आहे असे म्हणता येते.

७. करार आणि नोंदींची मालकी

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचारविषयक नियमांनुसार डॉक्टरांनी आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जतन कराव्यात आणि मागणी झाल्यास ७२ तासांत द्याव्यात, असे बंधन घालण्यात आले. नोंदींच्या संगणकीकरणासाठी प्रयत्न करावेत, असेही त्यात म्हटले आहे. केंद्र शासनाने इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानके २०१३ मध्ये जाहीर करून २०१६ मध्ये सुधारली. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. या कायद्यानुसार काम बाहेरच्या कंपनीकडे सोपविले असले, तरी रुग्णाच्या माहितीची जबाबदारी रुग्णालयाचीच राहते. म्हणजे जबाबदारी रुग्णालयाची आणि डेटाबेसचा पासवर्ड कंपनीकडे, अशी आज अनेक ठिकाणी दिसणारी व्यवस्था कायद्याच्या दृष्टीनेही टिकणारी नाही. देयकांवरून वाद होऊ शकतात आणि करार संपुष्टातही येऊ शकतात. त्या वादाचा भुर्दंड रांगेत उभ्या असलेल्या रुग्णाला पडू नये, अशी तरतूद करारातच करणे शक्य असते व ती न करणे हा निवडसमितीचा दोष मानला पाहिजे.

८. निष्कर्ष व शिफारशी

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, रुग्णालयाच्या अक्षरी नोंदींसाठी वेग हा आज निर्णायक निकष राहिलेला नाही. कंपनीचे नाव हा सुरक्षिततेचा पर्याय होऊ शकत नाही, आणि केवळ खरेदीच्या किमतीवर ठरविलेला न्यूनतम दर पुढील परवाने व स्थलांतर यांचा खर्च झाकतो. त्यादृष्टीने पुढील शिफारशी कराव्याशा वाटतात.

(१) निविदेतील आर्थिक तुलना पहिल्या वर्षाच्या किमतीवर न करता परवाना, देखभाल, मनुष्यबळ व स्थलांतर धरून सात वर्षांच्या एकूण खर्चावर करावी.

(२) कार्यादेशापूर्वीच्या प्रात्यक्षिकात पुरवठादाराने राखीव प्रतीवरून रिकाम्या सर्व्हरवर प्रणाली ठरावीक वेळेत उभी करून दाखवावी. हीच चाचणी त्यानंतर दर तीन महिन्यांनी घ्यावी.

(३) सर्व तक्ते, त्यांचे वर्णन व संकेतसूची यांसह संपूर्ण माहिती खुल्या स्वरूपात दर महिन्यास रुग्णालयाच्या ताब्यात द्यावी. डेटाबेसचे सर्वोच्च अधिकार रुग्णालयाच्या अधिकाऱ्याकडे असावेत.

(४) करार कोणत्याही कारणाने संपला, तरी नोंदी वाचण्याची सोय निदान सहा महिने सुरू राहील व थकीत देयकांच्या कारणावरून ती तोडता येणार नाही, असे कलम करारात असावे.

(५) देवनागरी नावांची नोंद, क्रम व शोध यांची चाचणी स्वीकृतीच्या अटींत समाविष्ट करावी.

शेवटी महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या जबाबदारीचा उल्लेख करणे अप्रस्तुत ठरणार नाही. अशा खरेदीच्या समित्यांवर तांत्रिक सदस्य म्हणून संगणकशास्त्राच्या प्राध्यापकांना बोलाविले जाते आणि तक्त्यातील आकडे जुळतात की नाही हे पाहून स्वाक्षरी करणे सोपे असते. आपल्या अभ्यासक्रमात डेटाबेस हा विषय अनेक वर्षे शिकविला जात आहे. त्यात नॉर्मलायझेशनला जेवढे तास दिले जातात, त्याच्या एक चतुर्थांश तास तरी बिघडलेला डेटाबेस पुन्हा उभा करण्याच्या प्रात्यक्षिकाला दिल्यास रुग्णालयांना हवे असलेले मनुष्यबळ या शहरातच तयार होऊ शकेल. कृत्रिम नोंदी वापरून असे प्रात्यक्षिक कोणत्याही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत घेता येते. त्यासाठी निविदा काढावी लागत नाही.